खर्जाची जागा

बुधवार

पहाटे साडेचारला मिरज सोडलं. गाडीत मागं दोन तंबोरे, तारा उतरवून सैल केलेले, गोधड्यांत गुंडाळलेले. त्या दोघांच्या मधल्या फटीत खर्ज, माझा कुत्रा. पुढं भाचा चालवायला आणि शेजारी मी. तंबोरे एरंडवण्यातल्या एका गाणाऱ्या ताईंकडं पोचवायचे होते. शनिवारी रात्री त्यांच्या गच्चीवर बैठक होती आणि जवारी, म्हणजे तारेचा खुला, गुंजणारा आवाज, मी तिथल्या हवेत, त्यांच्यासमोर काढून द्यावी असा त्यांचा आग्रह होता. त्याच आठवड्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. म्हणजे पाच दिवस पुण्यात राहायला दोन कारणं झाली, आणि पाच दिवस खर्जाला मागं ठेवणं मला कधीच जमलेलं नाही.

खर्जाची आई मुधोळी, बाप आमच्या गल्लीतला. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय. पाच वर्षांपूर्वी हे पिल्लू आमच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात शिरलं तेव्हा वडील होते. ते एका तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. पिल्लू सरळ त्यांच्या मांडीला लागून, घोडीकडं, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीकडं, कान करून झोपलं. भावानं उचलायला हात घातला तर झोपेतच गुरगुरलं, आणि तो आवाज थेट तंबोऱ्याच्या चौथ्या, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेचा. वडील म्हणाले, "हा खर्ज." तेच नाव राहिलं.

खंबाटकीच्या बोगद्यात ट्रकांचा आवाज घुमला तसे त्यानं कान मानेला चिकटवले आणि जिभेनं नाक चाटलं. ही त्याची खूण मला माहीत आहे. भूक नसताना जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया देणं हे कुत्र्याचं नकोसं झाल्याचं सांगणं असतं. बोगदा संपला, कान पुन्हा सैल झाले.

मावशी सहकारनगरला राहते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारातच रेबीजच्या लसीचा कागद मागितला. मी दाखवला. विचारतात ते बरं करतात.

संध्याकाळी तिकीट घेऊन भाचा मंडपात गेला. मी खर्जाला घेऊन मुकुंदनगरच्या गल्ल्यांत. महोत्सव महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो, आणि मंडपाबाहेर आवाज कसा पोचतो हे गल्लीगल्लीत बदलतं. एका वळणावर नुसता तबला, पुढच्या वळणावर स्वच्छ गाणं, मध्येच रिक्षा. प्रवेशद्वाराजवळ खर्ज उभाच राहिला. बसेना. जांभई, पुन्हा जांभई. मी उलटी फिरले आणि पावलं मोजत चालले. तीनशे बारा पावलांवर, एका बंगल्याच्या बंद फाटकापाशी, तो स्वतःहून खाली बसला, मग आडवा झाला, मग एक मोठा श्वास सोडला. तिथून गाणं ऐकू येत होतं, पण ते अंगावर येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. विलंबित ख्याल चालू होता.

परतताना प्रवेशद्वारापासून हाकेच्या अंतरावर एक आजोबा घडीच्या स्टुलावर बसलेले दिसले. पायाशी म्हातारा लॅब्रॅडोर, अंगावर गोधडीचा तुकडा. इतक्या मोठ्या आवाजात तो गाढ झोपला होता. मला राहवलं नाही. "आजोबा, त्याला त्रास नाही होत?"

"ऐकूच येत नाही त्याला," ते म्हणाले. "तेरा वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं काही नाही. बंड्या."

त्यांच्या पत्नी आत भारतीय बैठकीत बसतात. आजोबांचे गुडघे मांडी घालू देत नाहीत आणि खुर्चीवर बसून सवाई ऐकायला त्यांचं मन घेत नाही. म्हणून ते बाहेर, बंड्याबरोबर. महोत्सव रमणबागेच्या शाळेत व्हायचा तेव्हाही ते या पिल्लाला घेऊन शेजारच्या गल्लीत बसायचे. तेव्हा बंड्याला ऐकू यायचं आणि तो आवाजापासून लांबची पायरी धरायचा. आता लांब जायची गरज उरली नाही, म्हणून जवळ. निघताना आजोबांनी त्याच्या छातीवर दोन बोटांनी हलकं दोनदा टकटक केलं. ही त्यांची "चल"ची खूण. बंड्या डोळे उघडून उभा राहिला.

"नाव काय तुमच्याचं?"

"खर्ज."

"खर्च? बरोबर आहे, सगळ्याच कुत्र्यांचं तेच नाव हवं." मग नीट ऐकल्यावर ते हसायचे थांबले आणि खर्जाकडं पुन्हा पाहिलं. "खर्ज. अरे वा." त्यांच्या वडिलांकडं कुत्रा छाप रेकॉर्डी होत्या. ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान लावून बसलेला तो कुत्रा हाच आपल्या ओळखीचा पहिला कुत्रा, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरीही तसंच होतं. तो कुत्रा खरा होता, निपर नावाचा, इंग्लंडातला. तो गेल्यावर त्याच्या मालकाच्या चित्रकार भावानं ते चित्र काढलं.

गुरुवार

सकाळी सहाला तळजाईवर. थंडी चांगलीच होती, आणि झाडीतून मोरांच्या हाका. पुण्यातल्या टेकड्यांवर सकाळी जेवढी माणसं तेवढीच कुत्री भेटतात. दोर सैल, मालक बोलण्यात, आणि समोरून कुत्रा आला की एकच वाक्य, "काही करत नाही हो तो." हे वाक्य मला पुरत नाही. तुमचा काही करत नसेल, माझा घाबरला तर? आधी विचारावं, "आणू का जवळ?" इतकं साधं आहे. त्या सकाळी तसं विचारणारी एकच भेटली, आणि तिच्यामुळंच पुढचं सगळं झालं.

एक तरुण मुलगी. तिच्या दोराला बीगल, नाव चिवडा. तिनं दहा फुटांवर थांबून विचारलं, मी हो म्हटलं. दोघांनी एकमेकांना समोरून न भिडता वळसा घालून हुंगलं, आणि ओळख झाली. ती पशुवैद्य निघाली. "चला, भजनाला बसणार का?" म्हणाली.

मंदिराच्या अलीकडं झाडाखाली सतरंजी टाकून सहा-सात ज्येष्ठ मंडळी बसली होती. एक पेटी, दोन टाळांचे जोड. बाजूला एका वॉचमनदादांची काळी नावाची गावठी कुत्री, डाव्या कानाला खाच. नसबंदी आणि लस झाल्याची ती खूण, आता बहुतेकांना ओळखता येते. या मंडळींचा एक नियम मला फार आवडला. काळी जवळ असेल तर टाळ सतरंजीवर उपडे ठेवतात आणि हातांनी टाळ्या वाजवतात. कुणी ठरवलं, असं विचारलं तर पेटीवाले काका म्हणाले, "तिनंच. टाळ वाजले की उठून झाडाच्या पलीकडं जायची. टाळ्या वाजवल्या की परत यायची. आम्हाला कळायला एक महिना लागला."

डॉक्टर मुलीनं कारण सांगितलं. माणसाच्या कानाची वरची हद्द साधारण २०,००० हर्ट्झ, तीही तरुण वयात. कुत्र्याची ४५,०००च्या आसपास. टाळ, ताशा, तबल्याची चाट यांत जो तीक्ष्ण भाग असतो, तो आपल्या कानांवरून निघून जातो आणि त्यांच्या कानांत घुसतो.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प झाले. मी जवारी काढते ती माझ्या कानांनी. सुताचा धागा तार आणि घोडी यांच्यामध्ये केसाइतका सरकवत जायचा, आणि एका जागी तार एकदम फुलते, तिच्यातून दुसरे सूर उमलायला लागतात. त्या क्षणी कारखान्याच्या कोपऱ्यात झोपलेला खर्ज दरवेळी डोकं वर करतो. मला वाटायचं, तो माझ्याकडं बघतो. त्याला त्या तारेतून आणखी काही ऐकू येत असेल का, जे मला कधीच येणार नाही? याचं उत्तर मला कोण देणार? पण त्या सकाळपासून मी त्याच्या डोकं वर करण्याकडं वेगळ्या नजरेनं बघते आहे.

चिवड्याची मालकीण सांगत होती, स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी आश्रयगृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून बघितलं होतं. २०१७ साली त्याचा निबंध आला. सॉफ्ट रॉक आणि रेगे लावल्यावर त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांतून ताण कमी झाल्याचं सर्वांत चांगलं दिसलं. पण एकच प्रकार रोज लावला की सवय होते आणि परिणाम ओसरतो, म्हणून बदलत राहावं. पेटीवाल्या काकांना यात नवल वाटलं नाही. "आम्हीपण रोज तोच अभंग म्हणत नाही," म्हणाले.

मग प्रसाद आला, डब्यातून शिरा. एका काकूंनी द्रोणात घालून खर्जापुढं धरला. डॉक्टर मुलीनं झडप घालून द्रोण काढून घेतला. काकू दुखावल्या, मीसुद्धा चमकले. तिनं शिऱ्यात बोट घातलं आणि एक एक बेदाणा वेचून माझ्या तळहातावर ठेवला. सात बेदाणे. तुपानं चकचकीत, फुगलेले. "हे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, ते सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेसे भोवतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे, सगळं. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं आता मानतात. चिंचेतही ते असतं."

आम्ही सांगलीकडची माणसं. तासगावचा बेदाणा आमच्याकडं पाहुण्याच्या हातावर आधी ठेवतात, पाणी नंतर. कारखान्यात डबा उघडाच असतो. पाच वर्षांत खर्जानं किती खाल्ले असतील? मी त्या सात दाण्यांकडं बघत राहिले. तिथूनच भावाला फोन लावला आणि डबा माळ्यावर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, कालपर्यंत तर मीच देत होतो त्याला."

खर्जाला काही झालेलं नाही, तपासणी मिरजेला जाऊन करून घ्या, असं तिनं धीर दिला. तेवढ्यात काळीनं एका काकांच्या पिशवीतून पोळी उचलली आणि निघाली. सगळे एका सुरात ओरडले, "तूप! तूप घेऊन पळा!" नामदेवांची गोष्ट आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावलेले नामदेव, "देवा, कोरडी खाऊ नका" म्हणत. शिऱ्यातलं तूप मात्र कुणी काळीला दिलं नाही. त्यात बेदाणे होते.

रात्री माझी मंडपात जायची पाळी होती. भाचा खर्जाजवळ थांबला. आतलं गाणं फार चढलं. त्याबद्दल लिहायला बसले तर हे वर्णन राहून जाईल.

शुक्रवार

आजचा दिवस लिहायला मला अवघड जातं.

बुधवार पेठेतल्या दत्तमंदिरात दर्शन घ्यायचं होतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, चार वेदांचं रूप मानतात त्यांना. मावशी म्हणाली, "खर्जालाही कळस दाखव बाहेरून." लग्नसराईचा दिवस, संध्याकाळची वेळ, पेठांतली गर्दी. खर्जाला तिथं नेणं ही माझी चूक. मला कळायला हवं होतं.

दर्शन झालं. एका अरुंद गल्लीतून गाडीकडं जात होतो आणि समोरच्या तोंडातून वरात आत शिरली. ढोल आणि ताशा. ढोलाचा टोल छातीत बसतो, तो खर्जानं सोसला असता. पण दोन्ही बाजूंनी भिंती आणि मधे ताशाची तर्री. खर्ज मागं सरकला. मी दोर घट्ट धरला. तो आणखी मागं सरकला, मान खाली घातली, आणि पट्टा त्याच्या कानांवरून अलगद निघून माझ्या हातात आला. मुधोळी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साध्या पट्ट्यातून ते मागच्या मागं सुटतं. हे मला ऐकून माहीत होतं. मिरजेत कधी गरज पडली नाही म्हणून मी छातीपट्टा घेतला नव्हता.

तो कसा पळाला ते मी पाहिलंसुद्धा नाही. मुधोळी पळतो तेव्हा बघायला वेळ नसतो.

मी त्याच्या नावानं ओरडत धावायला लागले. वाजवणाऱ्यांतला एक मुलगा, वीस-बावीसचा, त्यानं ताशा गळ्यातून काढून शेजारच्याला दिला आणि माझ्या पुढं येऊन उभा राहिला. "मावशी, धावू नका. ओरडू नका. तुम्ही मागं धावलात की त्याला वाटतं, पळायचंच आहे." त्यानं मागं हात वर केला, ताशे थांबले. ढोलही एकेक करत थांबले. नवऱ्यामुलाची घोडी गल्लीत उभी राहिली. कुणी कुरकुर केली नाही. नवऱ्याकडच्या एका बाईंनी उलट मलाच विचारलं, "रंग कसा आहे त्याचा?"

चौकात रोज कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना त्या भागातलं प्रत्येक कुत्रं माहीत. त्या म्हणाल्या, "आमची ओरडतायत तिकडं गेला असेल, परकं आलं की ती सांगतात." आम्ही भुंकण्याच्या दिशेनं गेलो. एका जुन्या वाड्याच्या मागच्या चौकात दगडी हौद. कात्रजच्या तलावावरून पेशवाईत नळानं पाणी आणून असे हौद भरायचे, तसाच एखादा, आता कोरडा. त्याच्या आणि भिंतीच्या सांदीत, दगडाला अंग चिकटवून, खर्ज. दात वाजत होते. तो दगडाचा जाडपणा त्यानं कसा शोधला असेल? तिथं खरंच आवाज कमी होता.

"आता बसा खाली," तो मुलगा कुजबुजला. "तोंड त्याच्याकडं नको. बाजूनं बसा. बघू नका त्याच्याकडं."

मी फरशीवर बसले. पाच मिनिटं, सात मिनिटं. माझं लक्ष समोरच्या तुळशीवृंदावनाच्या चुन्यावर. मग कोपराला ओलं नाक लागलं.

त्या मुलाकडंही कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली. नदीपात्रात सराव असतो तेव्हा तो तिला घरी, आतल्या खोलीत, पंखा लावून ठेवतो. "ताशा माझा आहे, तिचा नाही," एवढंच म्हणाला. वरातीकडं परत पळाला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती माणसांच्या कानांसाठी घातलेली, आणि तीसुद्धा आपण पाळत नाही. मला ढोल आवडतो, आमच्याकडंही गणपतीत वाजतो. पण त्या रात्री हौदामागं बसलेलं ते थरथरणारं अंग मी हातांनी धरलं होतं. आता वरात दिसली की मी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघणार.

शनिवार

दुपारपर्यंत खर्ज मावशीच्या पलंगाखाली. मी बाहेर काढला नाही. भाच्यानं छातीपट्टा आणला, दोन ठिकाणी बक्कल असलेला.

चारला एरंडवण्यात पोचलो. गच्चीवर चटया पडल्या होत्या. माइक नव्हता. ताईंनी आधीच सांगितलं होतं, तीस माणसं, आवाज जातो तिथवर जातो. मी तंबोरे सोडले, तारा चढवल्या, आणि जवारीला बसले. पुण्याची हवा मिरजेपेक्षा कोरडी लागली. घोडीवर कानस फिरवायची गरज नव्हती, धाग्यानंच काम झालं. पहिला तंबोरा लवकर उघडला. दुसऱ्याची तिसरी तार तास-दीड तास बंद आवाजाची. मी धागा पुढं घेतला, मागं घेतला. खर्ज जिन्याच्या दारात बसला होता, कालपासून मोठ्या माणसांच्या हालचालीलाही दचकत होता. आणि मग ती जागा सापडली. तार फुलली. खर्जानं डोकं वर केलं.

तो उठला. चटयांमधून वाट काढत आला आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला हनुवटी टेकवून आडवा झाला, कारखान्यात झोपतो तसा. वडील होते तेव्हा झोपायचा तसा. मी हात थांबवला नाही, छेडत राहिले. भोपळा थरथरत होता आणि त्याच्या मिशांची टोकं त्याबरोबर.

शेजारच्या एक काकू आपलं पॉमेरियन घेऊन आल्या होत्या. तबलजी हातोडीनं तबला लावायला लागले की ते भुंकायचं. काकू न रागावता त्याला उचलून जिन्यानं खाली नेत, तबला लागला की परत वर. तीनदा गेल्या, तीनदा आल्या. कुणी "आणलं कशाला" म्हटलं नाही. साठीच्या पुढं असतील त्या.

ताई किराणा घराण्याच्या. गाण्याआधी त्यांनी खर्जाकडं बघून सांगितलं, "याचा एक पूर्वज आमच्या घराण्यात होऊन गेलाय." अब्दुल करीम खाँसाहेबांचा टिपू मियाँ. खाँसाहेबांनी त्याला सुरात आवाज लावायला शिकवलं होतं आणि लोकांसमोर गायलाही बसवलं होतं, ही गोष्ट मिरजेत आम्ही लहानपणापासून ऐकतो. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मिरजेलाच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही तिथं उरुसाला गाणी होतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. एवढं सगळं ऐकत असताना माझा हात खर्जाच्या पाठीवर होता. त्याला गायला शिकवावं असं मला कधी वाटलं नाही. तो ऐकतो, तेवढं मला पुष्कळ आहे.

पूरिया झाला, मग एक ठुमरी. खर्ज मधे एकदा कूस बदलून झोपला, तोंड तंबोऱ्याकडंच. पावलं मोजायचा प्रश्न आला नाही.

निघताना ताईंनी तंबोऱ्यांना नमस्कार केला, मग माझ्या हातात पाकीट दिलं, मग वाकून खर्जाच्या कानामागं खाजवलं. "जवारी चांगली आहे हं," त्याला म्हणाल्या.

रविवार

दिवसभर मावशीकडं. डॉक्टर मुलीचा फोन येऊन गेला. चिवड्यानं पेटीच्या भात्यावर झोप काढली म्हणे.

शेवटच्या दिवशी मुकुंदनगरला गर्दी जास्त होती. बाहेरही माणसं उभी. खर्जाला मी बुधवारच्या त्या फाटकापाशी नेलं, तीनशे बारा पावलांवर. तो बसला नाही. छातीपट्ट्यातून हलकी ओढ देत पुढं निघाला. मी दोर सैल ठेवला आणि त्याच्या मागून चालले. बंड्याचा वास लागला होता बहुतेक. एका गुलमोहराखाली तो थांबला. नाक पुढं, कान मागं. एक पाऊल टाकलं, परत घेतलं. जिभेनं नाक चाटलं. मग तिथंच खाली बसला. प्रवेशद्वारापर्यंत एकशे चाळीस पावलं उरली होती.

आजोबांनी आम्हाला पाहिलं. मी हातानं खूण केली, यापुढं येत नाही तो. आजोबा जरा वेळ बघत राहिले. मग बंड्याच्या छातीवर दोन बोटांनी टकटक केली, गोधडीचा तुकडा खांद्यावर टाकला, स्टुल मिटलं, आणि ते दोघं सावकाश आमच्याकडं चालत आले.

"त्याला काय, तिथं आणि इथं सारखंच," म्हणाले. स्टुल उघडून बसले. बंड्या खर्जाच्या पाठीला पाठ लावून पडला. आजोबांनी गोधडी दोघांच्या अंगावर अर्धी अर्धी पसरली.

समारोपाला सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तिची खरखर गुलमोहरापर्यंत येत होती, खरखरीच्या आतून तो आवाज. रस्त्यावरची माणसं बोलायची थांबली. खर्जाचं डोकं वर.

ध्वनिमुद्रिका संपली, लोक बाहेर यायला लागले. आजी दारापाशी येऊन नेहमीच्या जागेकडं बघत राहिल्या. तिथं कुणी नव्हतं. आजोबांनी हात वर केला. आजींना आम्ही दिसलो, आणि त्या गर्दीतून वाट काढत निघाल्या, हातात रुमालात बांधलेली बंड्याची पोळी. जवळ आल्यावर त्यांनी चौघांकडं पाहिलं आणि पोळीचे दोन तुकडे केले.